डाव्या सीटचा हेडसेट

आमच्या हरिशंकरपुरमच्या गल्लीत एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती सुभेदार इंगळ्यांना सांगायची नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. माणूस पोटाचा पक्का होता, घोळ कानांचा होता. तीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात रणगाड्यांतले वायरलेस आणि इंटरकॉम दुरुस्त करता करता दोन्ही कान इंजिनांना देऊन ते घरी आले होते. त्यांना काही सांगायचं तर ओरडावं लागे. ओरडणं नको म्हणून लिहून द्यावं तर ती चिठ्ठी ते परेडच्या आवाजात वाचत. आपला आवाज केवढा होतो हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांना ते सांगायचं म्हटलं तरी पुन्हा ओरडणं आलंच.

मी त्यांच्या शेजारी राहते आणि शाळेत फिजिक्स शिकवते. एकदा पेपर तपासायचा ढीग पडला होता, म्हणून मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, 'सासूबाई आल्या तर मी अजून शाळेतून आले नाही म्हणून सांगा.' सुभेदारसाहेबांनी ती फाटकाशी उभं राहून शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत वाचली. सासूबाई तेव्हा रिक्षातून उतरत होत्या. वाचून झाल्यावर साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "समजलं." आणि चिठ्ठीची व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवली.

हे 'समजलं' त्यांच्या तोंडी कायम असे. इंटरकॉमवर बोलायचे फौजेतले नियम ते घरी आणि गल्लीतही चालवत. ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी घ्या, मग आपलं सांगा, मग बोला. ऐकणाऱ्यानं ऐकलं की 'समजलं' म्हणायचं. तो म्हणाला नाही तर बोलणं पोचलंच नाही असं धरून पुन्हा सांगायचं. दूधवाल्याला "उद्या दोन लिटर" म्हटलं की तो "समझ गया साहब" म्हणेपर्यंत ते भांडं मागे घेत नसत. एक मात्र कबूल करायला हवं. ऐकू न येणारी माणसं बहुतेक वेळा मान डोलावून वेळ मारून नेतात. सुभेदारसाहेबांनी तसं कधी केलं नाही. नसेल समजलं तर "नाही समजलं, परत," असं तोंडावर म्हणत, चार वेळा, पाच वेळा. त्यांच्याशी बोलताना माणूस दमे, पण फसत नसे.

दुसरं वेड रंगाचं. त्यांच्या अंगणातली जी वस्तू आठ दिवस जागची हलली नाही तिला हिरवा फौजी रंग लागे. कुंड्या, फाटक, पाण्याची मोटर, सिलेंडरची ट्रॉली, सगळं हिरवं. माझा नवरा एकदा त्यांच्या ओट्यावर छत्री विसरला, ती त्यानं तीन दिवसांत परत आणली. तो म्हणाला, आणखी पाच दिवस राहिली असती तर हिरवी होऊन आली असती.

त्यांच्या पत्नी ताराकाकू. माहेर दाना ओलीतलं, त्या दाट गल्लीत वाढलेल्या, त्यामुळे हळू बोलायची सवय. तिथे म्हणे जरा आवाज चढला की तीन घरांतून उत्तरं येत. साहेबांना जे उरलंसुरलं ऐकू यायचं तेही जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत काकूंचं घरातलं बोलणं आटत आटत 'जेवायला चला' आणि 'गोळी घेतली का' एवढ्यावर आलं होतं. तेही हातवारे करून. मला एकदा म्हणाल्या, "मेधा, ओरडून फक्त भांडता येतं गं. आमटी बरी झाली का, हे ओरडून विचारलं तरी भांडल्यासारखंच लागतं. मग वाटतं, जाऊ दे, काय विचारायचं."

कानाचं मशीन आणलं होतं मुलानं बंगलोरहून. ते शोकेसमध्ये कपाशेजारी पडून होतं. "ह्यात भांडी ऐकू येतात, शिट्टी ऐकू येते," साहेब म्हणत, "माणूस नाही ऐकू येत." ते घातलं की ते चिडत, काढलं की एकटे पडत. दोन्हीत त्यांनी एकटं पडणं पसंत केलं होतं. संध्याकाळी दोघं ओट्यावर खुर्च्या टाकून बसत, तेव्हा मी खिडकीतून बघायची. दीड-दोन तास एकही शब्द नाही. रस्त्यानं जाणारी माणसं बघायची, मग उठून आत जायचं.

दिवाळीनंतर काकूंचं पोट दुखायला लागलं. मी त्यांना स्कूटरवरून डॉक्टरांकडे नेलं, मग तपासण्या, मग मोठे डॉक्टर. गाठ होती, आणि पसरलेली होती. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, पण आशा दिली नाही. परत येताना काकूंनी मला दाल बाज़ारच्या तोंडाशी थांबायला सांगितलं, उतरल्या, पाव किलो तूरडाळ घेतली. मग म्हणाल्या, "ह्यांना मी सांगणार. तू नाही, मुलानं पण नाही. मतलब, मलाच सांगायचंय."

"मग आजच सांगा ना, काकू."

"कसं सांगू? ओरडून? सगळी गल्ली ऐकेल. आणि लिहून दिलं तर हे वाचतील ना मोठ्यानं. मला नाही ते ह्यांच्या तोंडून तसं ऐकायचं."

मी तसं वचन दिलं, कुणाला सांगणार नाही म्हणून. त्यांच्या म्हणण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. काकूंनी रिपोर्ट साड्यांखाली ठेवले आणि साहेबांना खुणेनं सांगितलं, ॲसिडिटी. साहेब म्हणाले, "समजलं."

त्याच सुमाराला साहेबांनी जोंगा आणली. जोंगा म्हणजे फौजेची दणकट, चौकोनी जीप. लिलावातून कुणाकुणाच्या हातून फिरत आलेली. मूळचं इंजिन जाऊन कुणीतरी तिला डिझेल इंजिन बसवलं होतं. ती सुरू झाली की आमच्या स्वयंपाकघरातले पेले एकमेकांना लागत. तिच्यात शेजारी बसलेल्याचं तरण्याताठ्या माणसालाही ऐकू येणं शक्य नव्हतं. मी काकूंना खुणेनं विचारलं, हे काय? त्यांनी कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी साहेब माझ्या दारात. हातात भंगारवाल्याकडून आणलेला, रणगाड्यातल्या इंटरकॉमचा एक हिरवा लोखंडी डबा आणि तीन जुने हेडसेट, कान पूर्ण झाकणारे, ओठांपाशी माइक येणारे, छातीवर दाबायचं बटण असलेले. असल्या डब्यांवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "मॅडम, फुरसत आहे का? माझा हात थरथरतो. टाके तुम्ही मारून द्या. बाकी सगळं मी बघून घेतो."

मी मोठ्यानं विचारलं, "कशाला हे?"

"रणगाड्यात इंजिनाजवळ बसून मला माझ्या मुलांचं बोलणं साफ ऐकू यायचं," ते म्हणाले. मुलं म्हणजे त्यांचे जवान. "घरात इतकी शांतता आहे आणि हिचं ऐकू येत नाही. मतलब, गडबड जागेची आहे. हिला रणगाड्यात बसवली पाहिजे."

मला आधी हसू आलं आणि मग लगेच साड्यांखालचे रिपोर्ट आठवले. मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं सोल्डरिंग आयर्न त्याच दिवशी घरी आणलं.

आधी त्यांनी डबा जेवायच्या टेबलावर मांडून चालवून बघितला. गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या टेबलाखाली, टेबलावर डबा. एका बाजूला साहेब, समोर काकू, दोघांच्या कानांवर ती जाडजूड कवचं. तिसरा हेडसेट मी घातला होता. साहेबांनी बटण दाबलं आणि माझ्या कानात एक अनोळखी आवाज आला. मऊ, खालचा, जरा खरखरीत. हेडसेटमध्ये त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, त्यामुळे ते ओरडत नव्हते. सात वर्षांच्या शेजारात त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तारा, काही बोल."

काकू अवघडून टेबलक्लॉथ सारखा करत राहिल्या. मग बटण दाबून म्हणाल्या, "काय बोलू?"

"समजलं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पुढे काही झालं नाही. दोघं समोरासमोर बसून राहिले, एकमेकांकडे बघायचं टाळत. मी म्हटलं, आता हे घरातच राहू द्या की, गाडी कशाला? काकूंनी हेडसेट काढला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. "असं तोंडाकडे बघत नाही बोलता येत गं. आम्ही कधी बोललोय असं? चाळीस वर्षांत हे पेपरात आणि मी कणकेत. गाडीत बरं, दोघांचं तोंड रस्त्याकडे."

म्हणून गाडी. साहेबांनी डबा दोन सीटच्या मधोमध, खालच्या लोखंडी पट्टीवर बसवला. सॉकेट तीन होते, म्हणून तिसरी जोडणी मागच्या बाकाला. वायर इंजिनाच्या वायरींपासून दूर, हातभर अंतरावर एकेक बंद. सगळं देखणं झालं. इंजिन चालू केलं, ऐकू आलं, आणि ॲक्सिलरेटर दाबला तशी कानात किर्र सुरू झाली. गाडीचा वेग वाढला की किर्र चढे, कमी झाला की उतरे, आणि तिच्याखाली माणसाचा शब्द बुडून जाई.

ती किर्र तीन आठवडे गेली नाही. साहेबांनी अल्टरनेटरला फिल्टर लावला, वायर बदलली, वीज सरळ बॅटरीवरून घेतली. मी रोज शाळेतून आले की टाके मारी. काकू ओट्यावर बसून बघत. त्यांचं ब्लाउज खांद्यावरून ढिलं व्हायला लागलं होतं. मी एक दिवस चिडून ओरडले, "साहेब, थोडी किर्र राहिली तर राहू द्या, बसवा काकूंना."

"पाचपैकी तीन आवाज आहे, मॅडम. तीनवर बायकोला बसवू? एक शब्द ऐकू येईल, एक जाईल. तिला परत परत सांगावं लागेल." आणि ते पुन्हा गाडीखाली शिरले. त्यांना घाई का करायला हवी हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं, आणि मी वचनात अडकलेली. त्या तीन आठवड्यांत मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा सासूबाईंच्या वेळीही आला नव्हता.

शेवटी एका रविवारी मी डब्याचा अर्थिंगचा बोल्ट सोडवला. खाली बघते तर त्या लोखंडी पट्टीवर हिरवा रंग. दोन हात, गुळगुळीत, काठापर्यंत. डबा बसवायच्या आधी साहेबांनी सवयीनं पट्टी रंगवून घेतली होती. रंगावर बसवलेलं अर्थिंग लोखंडाला टेकतच नव्हतं, आणि म्हणून इंजिनाची सगळी कटकट कानात येत होती. मी काही न बोलता त्यांना बोट दाखवलं. त्यांनी रंगावर नख ओढून बघितलं. तीस वर्षं पोरांना ते हेच शिकवत आले होते, आधी रंग खरवडा, मग बोल्ट आवळा. त्यांनी पॉलिश पेपर घेतला, पट्टी घासून चकचकीत केली, बोल्ट कसला आणि इंजिन सुरू केलं. किर्र गेली.

"माझाच ब्रश," एवढंच म्हणाले.

पहिल्या फेरीच्या आधी एक तंटा झालाच. नियमाप्रमाणे आधी नाव घ्यायचं. काकूंनी नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं, त्यांचं सगळं 'अहो'वर चालायचं. साहेब म्हणाले, "'अहो' चालणार नाही. 'अहो'ला तर कुणीपण ओ देईल." शेवटी तोड निघाली. डावीकडे बसणार ती कमांडर, चालवणार तो ड्रायव्हर. काकूंनी बटण दाबलं आणि म्हणाल्या, "ड्रायव्हर, मी कमांडर. चला."

"समजलं," साहेब म्हणाले. जोंगा तिघऱ्याच्या धरणाच्या रस्त्याला लागली.

दोन तासांनी परत आल्या तेव्हा काकूंचे गाल लाल झाले होते. साहेब गाडी पुसत होते. मी हळूच विचारलं, सांगितलं? "नाही गं," त्या म्हणाल्या, "चार वर्षांचं साठलं होतं, ते आधी बोलून घेतलं." नणंदेनं सत्यनारायणाला न बोलावल्याचं, कढीपत्त्याचं झाड का वाळलं त्याचं, मुलगा फोनवर काय काय बोलायचा आणि त्यांनी त्यातलं अर्धंच साहेबांना का सांगितलं, ते सगळं. मग रोज चार वाजता पेले वाजायला लागले. गल्लीतली माणसं कुरकुर करत, पण मी गणपतीसमोर हात जोडायची की ही खटारा गाडी बंद पडू नये.

सहाव्या की सातव्या फेरीनंतर काकू एकट्या माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या. "सांगितलं," म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत सांगितलं. मग आणखी एकदा. गाडी चालवत राहिले. मेधा, एखादी वायर सुटली नसेल ना? बघशील?"

मी जाऊन बघितलं. सगळे टाके शाबूत होते. आवाज पाचपैकी पाच होता.

साहेबांना ऐकू गेलं होतं, हे दुसऱ्या दिवशीच कळलं. त्यांनी साड्यांखालून रिपोर्ट काढले, मोठ्यानं न वाचता, आणि काकूंना घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. पुढचे चार महिने त्यांनी औषधांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं, खिमट शिजवायला शिकले, काकूंच्या सीटवर उशी बांधली. फेऱ्या चालू राहिल्या, आधी धरणापर्यंत, मग निम्म्या रस्त्यापर्यंत, मग नुसती कॉलनीला चक्कर. शेवटी शेवटी काकूंना उचलून बसवावं लागे, आणि त्या हेडसेट घालून डोळे मिटून घेत. काय बोलत ते मला माहीत नाही. उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतर साहेब कुणालाच 'समजलं' म्हणेनासे झाले. दूधवाला बोलायचा, ते मान डोलवायचे. गल्लीला वाटलं, म्हातारा निवळला. मला ते बघून भीती वाटायची.

आठ-नऊ महिन्यांनी मुलगा त्यांना बंगलोरला न्यायला आला. जोंगाला गिऱ्हाईक मिळालं होतं, ते दुसऱ्या दिवशी येणार होतं. आदल्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात उभे. "मॅडम, गाडी द्यायच्या आधी एक टेस्ट करायची आहे. येता का?" मी गेले आणि डाव्या बाजूचं दार उघडलं. सीटवर ती उशी अजून बांधलेली होती आणि हेडसेट हुकला टांगलेला. साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तिथे कमांडर बसतो. तुम्ही मागे."

मी मागच्या बाकावर बसले, तिसरा हेडसेट घातला. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थरथरायला लागली. गाडी अंगणातच उभी होती. मग कानात तो खालचा, मऊ आवाज आला, जो मी त्या टेबलानंतर ऐकला नव्हता.

"मॅडम, त्या दिवशी वायर सुटली नव्हती. माझं बोट बटणावर होतं. दाबलं नाही. 'समजलं' म्हटलं की बोलणं पुरं होतं. मला ते पुरं करायचं नव्हतं. म्हणून तिला तीनदा सांगावं लागलं. तसलं बोलणं, तीनदा." मग म्हणाले, "जवानानं असं केलं असतं तर मी त्याला शिक्षा दिली असती."

मी बटण दाबून म्हटलं, "काकूंना कळलं होतं, साहेब."

"नाही. मी म्हटलं नव्हतं."

मग ते पुढे वळून ताठ बसले. त्यांनी छातीवरचं बटण दाबलं.

"कमांडर, मी ड्रायव्हर. समजलं."

बटण सोडलं. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले. पुन्हा दाबलं.

"कमांडर, मी ड्रायव्हर. समजलं."

पुन्हा तेवढेच थांबले. मी मागून त्यांची पांढरी मान आणि कानांवरची ती हिरवी कवचं बघत होते. डाव्या सीटचा हेडसेट हुकवर इंजिनाबरोबर हलत होता. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला, पण शब्द पूर्ण आला. मग त्यांनी बटण सोडलं आणि थांबले. ह्या वेळी खूप वेळ थांबले. माझं बोट माझ्या बटणावर होतं. मी ते दाबलं नाही.